श्वास रोखीचा, दुखणं उधारीचं

वाचकाचं पत्र: "ताई, नमस्कार. माझं वय 62. गुहागर तालुक्यात आमचं घर, खाली आगर, वर रस्ता. तीन वर्षांपूर्वी फुंकायची टेस्ट करून डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसाच्या नळ्या अरुंद होऊन दम लागायचा आजार, सांगितला. मी आयुष्यात बिडी ओढली नाही, मिश्री पण लावत नाही. कंबर आणि दोन्ही गुडघे त्याच्याही आधीपासून दुखतात. डॉक्टर म्हणतात चाला. चालले तर दम लागतो, दम लागू नये म्हणून बसले तर कंबर धरते. रस्त्यावर जायचं तर पाखाडीच्या 64 पायऱ्या. शेजारच्या वयनी म्हणतात या वयात गप पडून राहावं. मुलगा मुंबईहून कपालभातीचे व्हिडिओ पाठवतो आणि आता चालायचं मशीन घेऊन देतो म्हणतोय. मागच्या महिन्यात एक दिवस बरं वाटलं म्हणून अख्खं खळं सारवून काढलं, मग पाच दिवस उठता आलं नाही. आता भीतीच बसलीय. व्यायाम करू की नको, आणि करायचा तर कसा?"

काकू, नमस्कार. तुमचं पत्र वाचताना मी त्या खळ्यापाशीच अडकले. तुमचे दोन्ही आजार त्या एका वाक्यात आलेत बघा. एक दिवस बरं वाटलं, मनात आलं आता होऊनच जाऊ दे, शेणाची बादली घेतली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारवत सुटलात, मधे दम लागला तेव्हा थांबलाही असाल, दम बसला म्हणून परत खाली बसलात, रात्री जेवून झोपेपर्यंत सगळं ठीक, आणि सकाळी कूस बदलता येईना. असंच झालं ना? मग पाच दिवस अंथरूण, त्या पाच दिवसांत पाय आणखी ढिले, म्हणजे पुढच्या वेळी अर्ध्या खळ्यातच दम.

त्यात सारवणं हे काम या दोन्ही दुखण्यांना मिळून सगळ्यात वाईट. उकिडवं बसून पुढे वाकलं की पोट वर दाबलं जातं, छातीखालचा श्वासाचा पडदा खाली उतरायला जागाच मिळत नाही, म्हणजे दम लवकर लागणार, आणि गुडघे तर पूर्ण दुमडलेले. तुम्ही हळूच सुरुवात केलीत असं तुम्हाला वाटलं असेल पण तुम्ही थेट सगळ्यात अवघड व्यायामाला हात घातलात.

मी गेली बरीच वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि दम आणि दुखणं दोन्ही असलेल्या पेशंटना एकच गोष्ट सांगते, ती तुम्हालाही सांगते. श्वासाचं दुकान रोखीचं आहे आणि दुखण्याचं उधारीचं. श्वासाला जास्त झालं तर तो तिथल्या तिथे वाजवून घेतो, तुम्ही थांबलात की पाचेक मिनिटांत हिशेब मिटतो. दुखणं मात्र त्या वेळी गप्प बसतं, वहीत लिहून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिल पाठवतं. तुम्ही खळ्यात फक्त श्वासाचं ऐकलंत, तो म्हणाला झालं, चालू दे, आणि उधारी वाढत गेली. उलटंही होतं, काही जण दुखण्याला एवढे घाबरतात की दम लागायची वेळच येऊ देत नाहीत, मग पायातली ताकद जाते. दोन दुकानं आहेत तर दोन वह्या ठेवायच्या, एवढंच.

आता करू की नको. करा. वयनींना माझा नमस्कार सांगा पण त्यांचं ऐकू नका. सीओपीडीत फुफ्फुसाचं जे नुकसान झालंय ते व्यायामाने भरून येत नाही हे खरं, फुंकायच्या टेस्टचा आकडाही त्याने फारसा हलत नाही. पण तुम्हाला दम लागतो तो फक्त फुफ्फुसामुळे लागत नाही. माणूस दमाच्या भीतीने बसून राहिला की मांडीचे स्नायू बारीक होतात, आणि कमजोर स्नायूला तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो. म्हणजे दम म्हणून बसायचं आणि बसलं म्हणून आणखी दम. हे चक्र पायाकडून तोडता येतं. मोठ्या हॉस्पिटलांत याला पल्मनरी रिहॅब म्हणतात, साधारण 6 ते 12 आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली व्यायाम, आणि त्याने दम कमी होतो, चालणं वाढतं हे जगभर नीट तपासून झालेलं आहे. दम लागला म्हणजे फुफ्फुस आणखी खराब झालं असं नसतं. तसंच वर्षानुवर्षं दुखणारी कंबर हलवली म्हणजे आतमध्ये काही तुटतंय असंही नसतं. गुडघ्याच्या झिजेला तर मांडीची ताकद वाढवणं हाच पहिला उपाय, गोळी त्याच्या नंतर.

आणि तुम्ही लिहिलंयत ना, बिडी ओढली नाही म्हणून. अहो कित्येक बायकांना हा आजार चुलीच्या धुराने होतो. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी 2009 साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात पीटर बार्न्स या डॉक्टरांबरोबर नेमका यावरच लेख लिहिला होता, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांचा सीओपीडी, आणि त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण सांगितलंय. 2016 पासून उज्ज्वलाचा गॅस घरोघर आला, चहा-भाजी गॅसवर गेली, पण आंघोळीचं पाणी? ते अजून न्हाणीतल्या चुलीवरच ना, चुडतं आणि नारळाची सोडणं घालून? माझ्या माहेरी पण तेच. ते पाणी तापवायचं काम आजपासून दुसऱ्या कुणाचं तरी, नाहीतर गॅसवर. आणि शेतात राब भाजायचे दिवस आले, आसपास कुठे काजू भाजतायत, तर त्या वेळी दार लावून आत. धुरात केलेला व्यायाम म्हणजे खोलवर ओढलेला धूर.

म्हणून वेळही बदला. पहाटे उठून फिरायला जायचं हे आपल्या डोक्यात एवढं बसलंय की मी सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत. थंडीच्या सकाळी सगळ्या वाडीच्या न्हाणीचा धूर माडांच्या खालीच तरंगत असतो, तुमचा कफ निघायचा असतो, आणि कंबर-गुडघे रात्रभराचे आखडलेले. आधी चहा होऊ दे, औषध ओढायचा पंप घेऊन होऊ दे, कफ पडू दे. साडेनऊ-दहाला खारं वारं सुटायला लागतं, हवा मोकळी होते, तेव्हा करा. नाहीतर दुपारी साडेचारनंतर. जेवणावर लगेच नको, दीड-दोन तास जाऊ द्या, भरल्या पोटाने पण पडदा अडतो. मे महिन्यात दहाचे आठ करा.

पहिला धडा चालण्याचा नाही, श्वास सोडण्याचा. सगळे म्हणतात खोल श्वास घ्या, खोल श्वास घ्या. तुमची अडचण घ्यायची नाहीच, सोडायची आहे. सीओपीडीत आतली जुनी हवा पूर्ण बाहेर पडत नाही, अडकून राहते, मग नवीन हवेला जागा कुठून मिळणार. नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्या, आणि ओठ थोडे चंबूसारखे करून चार आकडे मोजत सोडा. कसं, तर गरम पेज वाटीत घेतलीय आणि ती गार करायचीय, पण वाटीतलं पाणी सांडू द्यायचं नाही, तसं. फुंकणीने चूल पेटवतो तसं अजिबात नाही. जोरात फुंकलं की आतल्या बारीक नळ्या मिटतात आणि हवा आणखी अडकते, हळू सोडलं की त्या नळ्या जराशा फुगलेल्या राहतात. चार आकडे जमले नाहीत तर तीन. दिवसातून पाच-सहा वेळा, पडवीत बसल्या बसल्या, दम लागलेला नसताना सराव करायचा, म्हणजे दम लागेल तेव्हा आठवेल. मग नियम एकच, ज्यात जोर लागतो ते श्वास सोडताना करायचं. खुर्चीतून उठताना सोडायचा, पायरी चढताना सोडायचा, कळशी उचलताना सोडायचा. आपण सगळे उलट करतो, उचलताना श्वास कोंडतो.

दम लागलाच तर उभ्या उभ्या छाती वर करून हवेसाठी धडपडू नका. बसा, थोडं पुढे झुका, कोपरं मांडीवर टेका, खांदे सोडून द्या. उभं असाल तर पडवीच्या कठड्यावर हात टेकून झुका. आणि तो जुना विंझणा असेल ना घरात कुठे तरी, तो काढून ठेवा. चेहऱ्यावर, नाक आणि गालाच्या भागावर वारा आला की दम कमी झाल्यासारखा वाटतो, ही नुसती समजूत नाही, हातातल्या छोट्या पंख्यावर यासाठी अभ्यास झालेत. आपल्याकडे विंझणा होताच, फ्रिजच्या मागे पडलेला असतो.

आता वह्या. पहिली वही श्वासाची, तिला 0 ते 10 आकडे द्या. 0 म्हणजे झोपाळ्यावर बसलोय, 10 म्हणजे आता जीव जातो. गुन्नर बोर्ग म्हणून एक स्वीडिश मानसशास्त्रज्ञ होते, त्यांची ही पट्टी, हॉस्पिटलमध्येही हीच वापरतात. व्यायाम करताना तुम्ही 3-4 वर असलं पाहिजे. आकडा सुचत नसेल तर सोपी खूण सांगते, वयनींशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत पण आरती म्हणता येऊ नये. आरती सहज येतेय तर थोडं वाढवा, बोलायलाच येत नाही तर थांबा. आणि थांबल्यावर पाच मिनिटांत श्वास जागेवर आला पाहिजे, दहा मिनिटं झाली तरी धाप असेल तर त्या दिवशी जास्त झालं.

दुसरी वही दुखण्याची, आणि ती लिहायची दुसऱ्या दिवशी सकाळी. व्यायाम करताना दुखणं नेहमीपेक्षा एक-दोन आकड्यांनी वाढलं तर चालतं, त्याला घाबरू नका. पण सकाळी उठल्यावर ते परत आपल्या नेहमीच्या जागी आलेलं असलं पाहिजे. आलं नसेल तर व्यायाम बंद करायचा नाही, फक्त कालचं माप थोडं कमी करायचं, समजा पाव भाग. कॅलेंडरवरच लिहा, कालनिर्णयच्या चौकटीत दोन आकडे मावतात. दूधवाल्याचा हिशेब लिहितो तिथेच.

आणि माप कुठून धरायचं? इथे बहुतेक जण चुकतात. चांगल्या दिवशी किती जमलं ते धरतात. वाईट दिवशी किती जमलं ते धरायचं. पाखाडीचंच उदाहरण घेऊ. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, किती पायऱ्या चढल्यावर श्वास 4 वर येतो. समजा 12, 9, 15 आल्या. तुमचं माप 9. चांगला दिवस असला, हवा छान असली, पाहुणे आले असले तरी 9 चढल्या की थांबायचं, दम लागलेला नसतानाच थांबायचं, हे महत्त्वाचं, दम लागल्यावर तर कुणीही थांबतं. मिनिटभर उभं राहायचं, पेज फुंकायची, मग पुढच्या 9. 64 पायऱ्यांना असे सात टप्पे होतात आणि एक पायरी उरते, ती देवाच्या नावाने चढा. आठवडाभर दोन्ही वह्या शांत राहिल्या तर 9 च्या 10 करा. त्याहून जास्त नको. तुम्हाला हे फार हळू वाटेल, मला माहितीय, सगळ्यांनाच वाटतं.

पाखाडीची आणखी एक गंमत लक्षात ठेवा, चढताना श्वास खर्च होतो आणि उतरताना गुडघे. उतरताना दम लागत नाही म्हणून माणूस तरातरा उतरतो आणि सकाळी गुडघा सुजतो, उधारी परत. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी, हातात काठी. पण अगदी पहिले दोन-तीन आठवडे पाखाडीला हात लावू नका, आधी पडवीत तयारी करा.

पडवीतलं सांगते. एक चांगली बसकी नाही अशी खुर्ची घ्या, हवं तर वर उशी टाकून उंच करा, भिंतीला लावून ठेवा म्हणजे सरकणार नाही. श्वास सोडत उभं राहायचं, श्वास घेत हळूच बसायचं, धप्पकन नाही. हात टेकून उठलात तरी चालेल. पाच वेळा, मग आराम, मग परत पाच. दिवसातून दोनदा. दिसायला काहीच नाही, पण पाखाडी चढायला जे स्नायू लागतात तेच इथे कामाला लागतात, म्हणून माझ्या दृष्टीने हा एक व्यायाम बाकी सगळ्यांच्या बरोबरीचा आहे, दुसरं काही नाही जमलं तरी हा करा. मग खांबाला धरून टाचा वर-खाली दहा वेळा. मग खळ्यात चालणं, एक मिनिट चाला, एक मिनिट बसा, असं पाच वेळा म्हणजे पाच मिनिटं चालणं झालं, आणि ते मोजलं जातं, सलग चाललं तरच व्यायाम असं काही नाही. खळ्यात दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवा. लोक हसतील, हसू द्या. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, कोपर अंगाला चिकटवून वर-खाली, खांद्याच्या वर नेऊ नका. पाठीसाठी आडवं पडून गुडघे दुमडायचे आणि दोन्ही गुडघे मिळून हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे, खाटेवरच करा, जमिनीवर झोपून उठणं हाच एक व्यायाम होतो. सपाट पडल्यावर दम लागत असेल तर पाठीखाली दोन उशा घ्या.

हातांचं खांद्याच्या वर नको का म्हटलं, तर मानेचे आणि खांद्याचे जे स्नायू तुम्हाला श्वास घ्यायला मदत करत असतात तेच हात वर धरायला लागतात. दोन मालकांचा एक गडी. म्हणून वलणीवर साडी वाळत घालताना तुम्हाला चालण्यापेक्षा जास्त दम लागत असेल, हो की नाही? मग वलण खाली बांधा, छातीच्या उंचीला. केस विंचरताना बसा, कोपरं टेबलावर. विळीवर खाली बसून नारळ खवण्यापेक्षा टेबलाला लावायची खवणी मिळते ती घ्या. यात कमीपणा काही नाही, जो श्वास वाचला तो पाखाडीला कामाला येतो.

पुळणीचं सांगायलाच हवं कारण डॉक्टरांनी चाला म्हटलं की किनाऱ्यावरचे सगळे तिथेच जातात. मी नवीन होते तेव्हा एका काकांना, जन्मभर होडीवर गेलेला माणूस, मीच सांगितलं होतं रोज पुळणीवर अर्धा तास चाला म्हणून. ते बिचारे अगदी वेळेवर, रोज संध्याकाळी पाचला. आता पाचला कधी भरती कधी सुकती, भरतीला चालायला राहते ती फक्त वरची कोरडी भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततो, कडक जमिनीपेक्षा दुप्पट-अडीचपट ताकद जाते. आठव्या दिवशी गुडघा नारळाएवढा, आणि काका दोन महिने माझ्याकडे फिरकले नाहीत. मी भरतीची वेळ विचारली नव्हती, कोकणात राहून. तर तुम्ही गेलात तर सुकतीला जा, ओली घट्ट वाळू असते तिथे, घड्याळ बघून नको, भरती-सुकती रोज पाऊणएक तास पुढे सरकते ती बघून जा. पाण्याच्या कडेला उतार असतो, त्यावर एकाच बाजूने चालत राहिलं की एक गुडघा आणि कंबरेची एक बाजू दुखते, म्हणून सपाट पट्टा शोधा आणि जेवढं गेलात तेवढंच परत यायचंय हे निघतानाच लक्षात ठेवा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आधी जा, येताना वारा पाठीवर असू दे.

कपालभातीचे व्हिडिओ मुलाला प्रेमाने परत पाठवा. ज्याची फुफ्फुसं धड आहेत त्याने काय करायचं ते करावं, पण तुमच्या आजारात झटके देऊन भराभर श्वास सोडणं म्हणजे ती फुंकणीच, हवा आत अडकणार आणि चक्कर येणार. भस्त्रिका पण नको आणि श्वास कोंडून धरायचे प्रकार पण नकोत. त्याऐवजी भजनाला जाता का? जा. लांब ओळ एका श्वासात सावकाश सोडायची, मग थांबून घ्यायचा, हा तुमच्यासाठी छान सराव आहे. इंग्लंडमध्ये फुफ्फुसाच्या पेशंटसाठी मुद्दाम गाण्याचे वर्ग चालतात. आपल्याकडे ते दर गुरुवारी फुकट आहे, फक्त उदबत्तीपासून लांबची जागा पकडा.

औषधांचं थोडक्यात पण नीट ऐका. झटपट आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप तुम्हाला दिलेला असेल तर व्यायामाआधी 10-15 मिनिटं घेऊ का, हे डॉक्टरांना विचारून घ्या, बऱ्याच जणांना त्याने खूप सोपं जातं. पंपाची सवय लागते वगैरे बोलणं कानाआड करा. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची मोठी नळी, वापरा, आणि स्टिरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरा. दुसरं, दुकानातून आणून पेनकिलर रोज खाऊ नका, बीपी आणि किडनीला त्रास होतो. झोपेच्या गोळ्या किंवा ट्रामाडॉलसारख्या भारी वेदनाशामक गोळ्या कुणी दिल्या तर मला सीओपीडी आहे हे तोंडाने सांगा, त्यांनी श्वास मंदावतो. आणि तिसरं, दम्यासाठी म्हणून खूप दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्ल्यात का? पुडीतून कुणी देत होतं का? त्याने हाडं ठिसूळ होतात. तसं असेल आणि वाकताना किंवा कळशी उचलताना पाठीत अचानक नवीन कळ आली, तर ती नेहमीची कंबर समजून तेल चोळत बसू नका, मणका दबलेला असू शकतो, एक्स-रे काढा. तोवर पुढे वाकायचे व्यायाम पण नकोत. हाडांचं डॉक्टरांना एकदा विचारूनच ठेवा.

थांबायचं कधी ते पण सांगते. छातीत दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, ओठ निळसर दिसले, थांबूनही धाप जात नाही, तर व्यायाम बंद आणि दवाखाना, गाडी बोलवा, पाखाडी चढत जाऊ नका, खुर्चीत बसवून न्या. घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर व्यायामात ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला की थांबा, तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा, बोट गार असलं किंवा नेलपॉलिश असलं तर मशीन खोटं बोलतं. कफाचा रंग बदलला, वाढला, ताप आला तर त्या आठवड्यात व्यायाम नको, औषध आधी. एकाच पोटरीला सूज येऊन दुखत असेल, किंवा कंबरेबरोबर लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधे बधिर झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर. आजारातून उठल्यावर जुन्या मापाच्या अर्ध्यावरून सुरू करा, पण सुरू करा, महिना-महिना पडून राहू नका.

पाऊस लागला की पाखाडीचे चिरे शेवाळतात, तेव्हा चार महिने पडवीच. खुर्चीचे व्यायाम चालू ठेवले तर ऑक्टोबरात तुम्ही जिथे होतात तिथेच सापडाल, नाहीतर दर वर्षी पहिल्यापासून. आणि गणपतीत, चाकरमानी आले की तुमचा चांगला दिवस-वाईट दिवस सगळं विसरायला होणार हे मला पत्रावरूनच दिसतंय. मोदक उकडायला वाफेपाशी सून उभी राहील. तुम्ही खुर्चीवर बसून टेबलावर पाऱ्या करा, वीस झाल्या की उठून पडवीत एक फेरी, मग पुढच्या वीस. खळं सारवायला माणूस लावा. अगदीच हात शिवशिवले तर तुळशीपुढचा सुपाएवढा तुकडा, तोही उभ्याने, लांब दांड्याच्या झाडूला फडकं बांधून.

राहिलं ते मशीन. चालायच्या मशीनचा पट्टा आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकला तर तुम्ही सांगाल ती पैज, मग त्यावर कपडे वाळत पडतात. शिवाय लाईट गेली की मशीन एकदम थांबतं आणि माणूस तोल जाऊन पडतो. मुलाला म्हणावं तेवढ्याच पैशात पाखाडीला एका बाजूने लोखंडी पाइपचं रेलिंग बसवून दे, तुझ्या कमरेच्या नाही तर आईच्या कमरेच्या उंचीचं, गंज लागू नये म्हणून आधी प्रायमर मारून, आणि मधल्या वळणावर फणसाच्या नाहीतर कसल्या तरी सावलीत, तीन-चार चिरे रचून एक कट्टा. बसायला उंच हवा, गुडघे दुमडून उठायला लागतील एवढा बुटका नको. 64 मधली बत्तिसावी पायरी कुठे येते ते गवंडी यायच्या आधी तुम्ही मोजून ठेवा.